गाणे घसरले, निघाले की वगळले?

एका वाचकाने असे विचारले आहे की, ‘बिलबोर्ड हॉट हंड्रेड’ या लोकप्रिय गाण्यांच्या अमेरिकी क्रमवारीविषयी मराठीत लिहिताना ‘गाणे घसरून यादीबाहेर पडले’ ही वाक्यरचना नेहमीच चालेल का, आणि नियमानुसार यादीतून काढलेल्या जुन्या गाण्याला तिथे जी ‘रिकरंट’ ही संज्ञा लावतात तिच्यासाठी ‘पुनरावर्ती’ हा शब्द योग्य ठरेल का.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर क्रमवारीच्या नियमांत दडलेले आहे. १९५८ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या या यादीत १०० गाणी असतात, त्यामुळे शंभराव्या क्रमांकाच्या खाली गेलेले गाणे आपोआप बाहेर पडते, आणि तिथे ‘घसरून बाहेर पडले’ हे वर्णन अगदी बिनचूक आहे. परंतु गाजलेल्या गाण्यांच्या वाट्याला असे सहसा येत नाही. वीस आठवडे पूर्ण केलेले गाणे उतरणीला लागून पन्नासाव्या क्रमांकाच्या खाली गेले, की श्रोत्यांची पसंती अजून पुरेशी असली तरी ते यादीतून काढले जाते, जेणेकरून नव्या गाण्यांना जागा मिळावी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये हे नियम अधिक कडक झाले. आता २६ आठवड्यांनंतर पंचविसाव्या, ५२ आठवड्यांनंतर दहाव्या आणि ७८ आठवड्यांनंतर पाचव्या क्रमांकाच्या खाली उतरलेले गाणेही काढले जाते. टेडी स्विम्स यांचे ‘लूज कंट्रोल’ हे गाणे ११२ आठवड्यांच्या विक्रमी मुक्कामानंतर या बदलामुळेच गेले.

अशा वेळी मराठीतील अकर्मक आणि सकर्मक क्रियापदांतला भेद जपायलाच हवा, असे माझे आग्रहाचे मत आहे. ‘पडले’, ‘निघाले’, ‘घसरले’ ही क्रियापदे जे घडले ते गाण्याच्या अंगावर टाकतात. ‘वगळले’ आणि ‘काढले’ म्हटले की कोणीतरी ते केले, हे वाचकाला कळते. म्हणून ‘गाणे एकावन्नाव्या क्रमांकावर घसरल्याने नियमानुसार वगळले गेले’ असे लिहावे. त्यात दोन्ही क्रिया आपापल्या जागी राहतात.

ब्रिटनमधील अधिकृत क्रमवारीत प्रश्न आणखी नाजूक होतो. २०१७ च्या मार्चमध्ये एड शीरन यांची सोळा गाणी एकाच वेळी पहिल्या विसांत आली, आणि त्याच वर्षी तिथे नियम बदलले. एका कलाकाराची जास्तीत जास्त तीनच गाणी धरायची असे ठरले. शिवाय किमान दहा आठवडे झालेले गाणे सलग तीन आठवडे उतरते असेल, तर त्याच्या स्ट्रीमिंगचे मोल, म्हणजेच भारांक, निम्मा धरला जाऊ लागला. या दुसऱ्या नियमात गाणे वगळलेले नसते, पण त्याची घसरण निव्वळ श्रोत्यांमुळे झालेली नसते. ‘भारांक निम्मा झाल्याने घसरले’ असे कारणासह लिहिणे हाच प्रामाणिक मार्ग आहे.

आता ‘रिकरंट’कडे वळू. ही संज्ञा अमेरिकी रेडिओच्या बोलीतली आहे: नवेपण ओसरले, तरी जे गाणे केंद्रावर वरचेवर वाजत राहते ते रिकरंट. ‘पुनरावर्ती’ म्हटले की, आवर्ती दशांशासारखे, ठरावीक अंतराने परत येणारे काहीतरी डोळ्यांसमोर येते, आणि हे गाणे तर कुठे गेलेलेच नसते. मला ‘रुळलेले गाणे’ हा शब्द सुचवावासा वाटतो, कारण ‘रुळणे’ या क्रियापदात सवयीचे होणे आणि टिकून राहणे हे दोन्ही अर्थ आहेत. पारिभाषिक नेमकेपणा हवा असेल तिथे ‘रिकरंट’ हाच शब्द देवनागरीत लिहावा.

खरोखर पुन्हा येणारी गाणी वेगळीच आहेत. मराया कॅरी यांचे १९९४ मधले नाताळगीत नाताळच्या हंगामात यादीत परतते आणि २०१९ मध्ये ते प्रथमच पहिल्या क्रमांकावर पोहोचले. जुने गाणे पुरेशा वरच्या क्रमांकाइतकी पसंती मिळवू लागले, तर त्याला पुन्हा प्रवेश मिळतो. ‘पुनरागमन’ हा शब्द अशा गाण्यांसाठी राखून ठेवावा.