आई, आपला प्राणी कोणता?

प्रश्न : आम्ही मेलबर्नला असतो. नायडॉक वीक म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या (अ‍ॅबोरिजिनल वगैरे) संस्कृतीचा आठवडा, त्याच्या निमित्ताने लेकीच्या वर्गात सगळ्यांनी आपापला टोटेम, म्हणजे कुळाचं नातं असलेला प्राणी, निवडून चित्र काढलं, हिने कोआला काढला. आता रोज विचारते आपला खरा प्राणी कोणता. काय सांगू?

उत्तर : ताई, शाळेवर चिडू नका, पण लेकीला एवढं नक्की सांगा की टोटेम आवडीने निवडायचा नसतो, तो बहुतेक जन्माने मिळतो. मेलबर्नचा बराचसा भाग मूळचा वुरुंजेरी या अ‍ॅबोरिजिनल लोकांचा, ते कुलिन या मोठ्या गटापैकी, आणि कुलिन लोकांत प्रत्येक माणूस एकतर बुंजिलचा म्हणजे गरुडाचा, नाहीतर वा म्हणजे कावळ्याचा. गरुडवाल्याने लग्न करायचं ते कावळ्याच्या बाजूला, आपसात नाही.

ऐकल्यासारखं वाटतंय ना? अहो, आपलं देवक! सासूबाईंना फोन लावा आणि विचारा तुमच्या लग्नात देवक काय होतं. कुणाचं कळंब, कुणाचं मोराचं पीस, कुणाचं पंचपल्लव. मराठ्यांत देवक एक निघालं की सोयरीक मोडायची आणि देवकाचं झाड जुनी माणसं तोडत नसत. (सगळ्या जातींत हे सारखं नाही, तुमच्याकडे नुसतं कुलदैवत असेल तर तेच सांगा, उगाच नवीन देवक शोधू नका.)

पण "म्हणजे सेम टू सेम" असंही म्हणू नका, कारण अ‍ॅबोरिजिनल लोकांत गोष्ट जमिनीलाच चिकटलेली असते. उलुरू या मध्य ऑस्ट्रेलियातल्या प्रचंड खडकाला मुतिजुलू पाणवठ्यापाशी कुनिया या अजगरबाईने भाच्याचा सूड घ्यायला लिरू या विषारी सापाला काठीने हाणलं, ते घाव खडकावरच्या भेगांत आजही दाखवतात. तिथल्या मूळच्या अनांगू लोकांसाठी ही नुसती मुलांना झोपवायची गोष्ट नाही, कसं वागायचं याचा कायदाच तो. वर चढू नका असं ते कित्येक वर्षं सांगत होते तरी लोक चढून फोटो टाकायचे, त्यात आपलेही होतेच, शेवटी 26 ऑक्टोबर 2019 ला चढणं कायमचं बंद झालं. गेलात तर तिथला दगड आठवण म्हणून उचलू नका, नेलेले दगड लोक नंतर सॉरी लिहून पोस्टाने परत पाठवतात.

आणि कुणी अ‍ॅबोरिजिनल भेटलं की रास विचारल्यासारखं "तुमचा टोटेम काय हो?" नको. काही गोष्टी फक्त बायकांच्या, काही फक्त पुरुषांच्या असतात, स्वतःहून सांगितलं तर ऐका.

या रविवारी लेकीला डॉकलँड्सला नेऊन बुंजिलचा मोठा पुतळा दाखवा, घरी आल्यावर आजीला व्हिडिओ कॉल. कोआला फ्रिजवरच राहू दे, शेजारी कळंबाचं पान काढेल ती.