'आवाज देणे' : कोणी, कोणाला?

अंबाजोगाईच्या एका शिक्षिकेनं विचारलं आहे : 'वक्तृत्व स्पर्धेसाठी इंग्रजीवरून "जागतिक शासनात नागरिकांना आवाज देणे" असा विषय तयार केला. आईला वाचून दाखवला तर ती म्हणाली, "कोणाला आवाज द्यायचाय?" माझं चुकलं कुठं?'

ताई, आईंचं बरोबर आहे. आपल्या मराठवाड्यात 'निघताना मला आवाज दे' म्हणजे हाक मार. त्या हिशेबानं तुमच्या विषयाचा अर्थ होतो नागरिकांना हाका मारणे. म्हणजे बोलणारा वरचा आणि नागरिकानं फक्त ओ द्यायची. तुम्हाला म्हणायचंय त्याच्या अगदी उलट : नागरिकानं बोलावं आणि वरच्यानं ऐकावं.

या अर्थाचे शब्द आपल्याजवळ फार जुने आहेत. 'ना दाद ना फिर्याद' आपण सहज म्हणतो. दोन्ही शब्द फारसीतले. फिर्याद म्हणजे मुळात आक्रोश, मदतीसाठी मारलेली हाळी. दाद म्हणजे न्याय. नुसता आवाज म्हणजे फिर्याद झाली. ती कोणीतरी ऐकून घेणं, त्यातून काही निष्पन्न होणं, ही दाद. 'कुठंच दाद लागत नाही' या वाक्यात आवाजाची कमतरता नसतेच.

आपल्याच प्रांताचं उदाहरण घ्या. ऑगस्ट 1948 मध्ये निजाम सरकारनं भारताविरुद्ध संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे फिर्याद नेली. 16 सप्टेंबरला पॅरिसच्या बैठकीत ती चर्चेला आली, आणि दुसऱ्याच दिवशी निजामानं शरणागती पत्करली. बीड, परभणी, नांदेडची रयत रझाकारांचा जुलूम सोसत होती, मुक्तिलढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात होते. पण परिषदेच्या दारात फिर्याद नेता आली ती सरकारला. रयतेसाठी तिथं दारच नव्हतं. मला हे आजही बोचतं, कारण ती घडी फारशी बदललेली नाही. संयुक्त राष्ट्रांची 1945 ची सनद 'आम्ही जनता' अशा शब्दांनी सुरू होते, पण आमसभेत मत आहे ते 193 राष्ट्रांच्या सरकारांना.

म्हणून भाषांतर करण्याआधी ठरवा, नागरिकाला नेमकं काय मिळावं असं वाटतं? म्हणणं की मत? युरोपीय संघात 2012 पासून किमान सात देशांतल्या दहा लाख नागरिकांनी सह्या केल्या तर त्यांच्या मागणीला युरोपीय आयोगाला उत्तर द्यावं लागतं. मागणी मान्य करण्याचं बंधन मात्र नाही. हे 'म्हणणं मांडणं' झालं. तिथंच 1979 पासून लोक युरोपीय संसदेचे सदस्य थेट निवडतात. हे 'मत'. ग्रामसभेत उठून बोलणं आणि सरपंच निवडणं यातला फरक मुलांना लगेच कळेल.

आता 'शासन'. 'गुन्हेगाराला शासन झालं' असंही आपण म्हणतो, त्यामुळे या शब्दात हुकमाचा आणि शिक्षेचा वास आहे. शिवाय जगाला एक सरकार नाही. आहेत ते करार, परिषदा, बँका, संघटना. त्यांच्या चालण्याला 'कारभार' हाच शब्द मला नेमका वाटतो. कारभार गावाचा असतो, घराचा असतो, जगाचाही असू शकतो. त्याचा हिशेब विचारता येतो.

विषय असा द्या : 'जगाच्या कारभारात सामान्य माणसालाही मत हवं'. मताइतकं पुढं जायचं नसेल तर 'सामान्य माणसाच्या म्हणण्याची दाद लागावी' असं करा. हे आईंना वाचून दाखवा आणि त्या काय म्हणतात ते मला नक्की कळवा.