टीएसएच नॉर्मल आहे, तरी आईच्या मानेच्या बाजूची गाठ थायरॉईड कॅन्सरची असू शकते का?

होय, असू शकते. टीएसएच ही रक्ताची तपासणी फक्त थायरॉईड ग्रंथी किती काम करते ते सांगते, आत कसली गाठ आहे ते नाही. पॅपिलरी या थायरॉईड कॅन्सरच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या प्रकारात थायरॉईडमधली मूळ गाठ कधीकधी काही मिलिमीटरचीच असते, हाताला लागतही नाही, आणि आधी दिसते ती कॅन्सर पसरून सुजलेली मानेच्या बाजूची लसिकाग्रंथी (लिम्फ नोड). मी कोल्हापुरात पॅथॉलॉजीत काम करते. अशा गाठीतून सुईला कधी नुसतं तपकिरी पाणी येतं, पेशी जवळपास नसतातच, मग साधी पाण्याची गाठ म्हणून ती तशीच राहते. अशा वेळी त्याच नमुन्यात थायरोग्लोब्युलिन, म्हणजे फक्त थायरॉईडच्या पेशी बनवतात ते प्रथिन, तपासायला सांगा. ते भरपूर निघालं तर मूळ थायरॉईडमध्येच आहे असं जवळजवळ नक्की धरतात. सोनोग्राफीही नुसत्या गाठीची नको, थायरॉईडसकट पूर्ण मानेची करा. अर्थात आपल्याकडे मानेच्या बऱ्याच गाठी टीबीच्या किंवा साध्या संसर्गाच्या असतात, त्यामुळे लगेच धसका घेऊ नका. पण सुईची तपासणी झाल्याशिवाय नुसत्या अंदाजावर टीबीच्या गोळ्या सुरू करू देऊ नका. आवाज बसला असेल तर आजच कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.