पेन्शनचे पैसे काढू की राहू देऊ?

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतली 8 वर्षं 4 महिन्यांची नोकरी सोडून माझ्याकडे सल्ल्याला आलेल्या एक बाई घरी बसल्या होत्या. वय 44. सासूबाईंना अर्धांगवायू झाला, घरात कुणीतरी असणं भाग होतं. यजमानांचं म्हणणं स्पष्ट होतं : पीएफबरोबर पेन्शनचेही पैसे काढू आणि सोनेतारण कर्ज फेडून मोकळे होऊ. अठ्ठावन्नाव्या वर्षीचे दोन हजार रुपये कुणी बघितलेत?

त्यांना ते पटत नव्हतं, पण का ते सांगता येत नव्हतं. "मॅडम, ते पैसे काढले की मी नोकरी केलीच नव्हती असं होईल," एवढंच म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं नियमाच्या भाषेतही खरं आहे. कर्मचारी पेन्शन योजना 1995 मध्ये मालकाच्या वाट्यातून पगाराच्या 8.33 टक्के, म्हणजे पगाराच्या 15,000 च्या मर्यादेवर महिन्याला 1,250 रुपये जातात. पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते. त्याआधी फॉर्म 10सी भरून पैसे उचलले, की मागची सेवा पुसली जाते. पुढच्या नोकरीत मोजणी पुन्हा शून्यापासून. शिवाय सप्टेंबर 2014 पासून, 15,000 च्या वर पगार असलेल्या नव्या माणसाला या योजनेत घेत नाहीत. यांचा मूळ पगार आता 18,000 होता, म्हणजे पैसे काढल्यावर परतीचं दारच बंद.

मग आम्ही कागद घेऊन बसलो. काढले तर हातात साधारण सव्वा लाख. ठेवले तर? साडेनऊ वर्षांची सेवा दहा धरली जाते, म्हणजे त्यांना फक्त 14 महिने कमी पडत होते. पेन्शनचं सूत्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले 70; दहा वर्षांवर 15,000 गुणिले 10 भागिले 70, सुमारे 2,143 रुपये. पंधरा वर्षं भरली तर 3,214. रक्कम लहान आहे, महागाईप्रमाणे वाढतही नाही, हे मी यजमानांसमोरच मान्य केलं. पण ती मरेपर्यंत मिळते आणि नंतर त्यातली निम्मी जोडीदाराला मिळते.

"पुन्हा नोकरी कराल?" मी विचारलं. यजमान काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "करणार." माझ्या दृष्टीने निर्णय तिथेच झाला. त्या नाही म्हणाल्या असत्या, तर मीच पैसे काढून चांगल्या ठेवीत टाकायला सांगितलं असतं. दहा वर्षं पुरी होणारच नसतील, तर रक्कम तिथे व्याजाविना पडून राहते.

राहिलं कर्ज. पीएफ आणि पेन्शन एकदमच काढावं लागतं, असा बहुतेकांचा समज असतो. तसं नाही. पीएफचा फॉर्म 19 वेगळा, पेन्शनचा 10सी वेगळा. त्यांनी पीएफमधून कर्ज फेडलं आणि 10सी वर पैशांऐवजी स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे मागची सेवा पुढच्या नोकरीत जोडून घेण्याचा दाखला, मागितलं. त्याआधी कंपनीकडून नोकरी सोडल्याची तारीख पोर्टलवर चढवून घेतली, आधारवरच्या नावातला फरक दुरुस्त केला; अर्ज बहुतेकदा इथेच अडकतात.

सध्या या वाटेवर असाल, तर आणखी एक गोष्ट बघा. ऑक्टोबर 2025 मध्ये भविष्य निर्वाह निधीच्या विश्वस्त मंडळाने पेन्शनची रक्कम काढण्यासाठीची प्रतीक्षा 2 महिन्यांवरून 36 महिन्यांवर नेण्याचा निर्णय घेतला. अर्ज भरण्याआधी त्या दिवशी लागू असलेला नियम पोर्टलवर वाचून घ्या.