दिवा मंद केला की व्हिडिओत पट्टे का येतात?

प्रश्न : मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. संध्याकाळी घरी मोबाइलवर विज्ञानाचे छोटे व्हिडिओ करून पालकांना पाठवते. त्यासाठी १२ व्होल्टची एलईडी पट्टी प्लायवर चिकटवून, गोल बटणाचा डिमर लावून पॅनेल बनवलं. पूर्ण उजेडात चित्र ठीक येतं, पण तो डोळ्यांवर येतो म्हणून मंद केला की काळे पट्टे सरकायला लागतात. चेहराही हिरवट दिसतो. डिमर बदलू की पट्टी?
– एक शिक्षिका, जुन्नर तालुका

उत्तर : ताई, दोन्ही बदला, पण आधी डिमर. पूर्ण उजेडात पट्टे दिसत नाहीत हे तुम्ही नेमकं टिपलंत, त्यामुळे दोष कुठे आहे याची शंकाच उरत नाही. बाजारातला स्वस्त डिमर पट्टीला सेकंदाला काही शे वेळा चालू-बंद करतो. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. बटण निम्म्यावर असलं की पट्टी निम्मा वेळ चक्क विझलेली असते. डोळ्याला ते कळत नाही. मोबाइलचा सेन्सर मात्र चित्र एकदम न घेता ओळीओळीने वाचतो, आणि ज्या ओळी वाचताना पट्टी विझलेली होती त्या काळ्या येतात. बटण पूर्ण फिरवलं की विझणं थांबतं.

मी लग्नाच्या शूटिंगचे दिवे बनवतो आणि दुरुस्त करतो. माझ्या प्रत्येक पॅनेलला एक्सएल४०१५ चिपचं बक कन्व्हर्टर मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज उतरवणारं छोटं तयार सर्किट असतं. ते पट्टीला मिळणारा व्होल्टेजच कमी-जास्त करतं. आतलं स्विचिंग सेकंदाला सुमारे १ लाख ८० हजार वेळा होतं, पण कॉइल आणि कपॅसिटरमधून बाहेर येणारा डीसी सपाट असतो, म्हणून पट्टी विझलेली कॅमेऱ्याला कधी सापडतच नाही. पुण्यात तपकीर गल्लीत याच नावाने मागा.

हे मॉड्यूल व्होल्टेज फक्त उतरवतं, म्हणजे पट्टीला पूर्ण १२ मिळायला त्याला १२ हून जास्त द्यावे लागतात, त्यामुळे तुमचा १२ व्होल्टचा ॲडॉप्टर इथे चालणार नाही. जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअरचा चार्जर पडून असेल तर तोच वापरा. तो बंदिस्त असतो. मुलं वावरतात त्या घरात उघड्या स्क्रूंचा पॉवर सप्लाय मी कुणालाही लावू देत नाही.

पांढऱ्या पट्टीत तीन-तीन एलईडी एकापाठोपाठ जोडलेले असतात आणि प्रत्येकाला साधारण ३ व्होल्ट लागतात. म्हणून ८ व्होल्टच्या खाली पट्टी जवळपास अंधारते, सगळा खेळ ८ ते १२ च्या मध्ये आहे. व्होल्टेज ठरवणाऱ्या मॉड्यूलवरच्या बारीक स्क्रूऐवजी हाताने फिरवायचा पोटेन्शिओमीटर, म्हणजे गोल बटणाचा बदलता रेझिस्टर हवा. हे काम टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या आणि त्याला बजावा, की बटण टोकाला नेलं तरी मल्टिमीटर १२ च्या वर जाता कामा नये. पोटेन्शिओमीटरला समांतर योग्य रेझिस्टर लावला की ते जमतं. पट्टी त्यानंतरच जोडा.

आता चेहऱ्याचं. स्वस्त पट्टीच्या उजेडात लाल रंग कमी पडतो आणि आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेचा जिवंतपणा त्या लालीतच असतो. दुकानदाराला सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त आणि उजेडाची छटा ५००० ते ५६०० केल्विन असं स्पष्ट सांगा. मीटरला १२० एलईडी आणि ९.६ वॉटची पट्टी घेतली तर ४ मीटर पुरेत : ४० सेंटीमीटरच्या १० रांगा, दोन रांगांत ३ सेंटीमीटर. हे साधारण सव्वातीन अँपिअर होतात, मॉड्यूलला उष्णता खेचणारा छोटा हीटसिंक लावलात की तेवढे ते पेलतं. रांगा एकापुढे एक न जोडता समांतर जोडा, नाहीतर शेवटच्या रांगा मंद पडतील. पट्टी प्लायवर तापते आणि तिचं आयुष्य घटतं, त्यामुळे पाठीला अॅल्युमिनियमचा पत्राच हवा. पुढे ४-५ सेंटीमीटर अंतरावर दुधी ॲक्रिलिक लावा. ट्रेसिंग पेपरही चालतो.

एवढं करूनही फिकट पट्टे राहिले तर खोलीतली जुनी चोकवाली ट्यूब बंद करून पाहा. आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ती लावणं भागच असेल, तर कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये शटर १/५० सेकंदावर ठेवा.