खारकीव्हला पहिल्यांदा जाताना

अरे, युक्रेनमधल्या खारकीव्हला युद्धाचं वार्तांकन करायला पहिल्यांदाच निघालायस आणि कॅमेरा कुठला न्यायचा ते विचारतोस? कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी दोन टूर्निकेट घे, म्हणजे रक्तस्राव थांबवायला हातापायावर दांडीने पिळून आवळायचे पट्टे. स्वस्तातली नक्कल नको, तिची दांडी ऐनवेळी मोडते. एक जाकिटावर, कुठल्याही हाताला सापडेल असं. बांधल्याची वेळ लिहायला मार्कर. सरावाचं वेगळं ठेव आणि डोळे मिटून बांधून बघ. दुखतं, दुखणारच.

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- क्षेपणास्त्र पडलं की तिकडे धावत सुटतात. दुसरं अनेकदा त्याच जागी, मदतीला आलेल्यांवर पडतं.
- हवाई हल्ल्याच्या भोंग्यावर विसंबतात. रशियाची सीमा जेमतेम ३० किलोमीटरवर; कधी स्फोट आधी, भोंगा नंतर.
- फिक्सर (पत्रकारांचा स्थानिक वाटाड्या-दुभाषी) ‘नको’ म्हणाला तरी हुज्जत घालतात. त्याला तिथेच राहायचंय, बाबा!

ड्रोनचं पुढच्या वेळी सांगतो.