कोडची पहिली टेस्ट लिहितोयस? मग एवढंच कर

भो, पहिल्याच आठवड्यात शंभर टक्के कव्हरेजच्या (कोडचा किती भाग टेस्टमध्ये चालतो त्याच्या) मागे लागू नको. तुझा केळीपावतीचा क्लास, म्हणजे पावतीचा हिशेब करणारा कोडचा भाग, घे. रावेरचा माल, वजन १८.५ क्विंटल, भाव क्विंटलला १४५०, तर रक्कम २६,८२५ यायला हवी. झाली पहिली टेस्ट. उत्तर मात्र आधी कागदावर काढ. कोडनं दिलेला आकडाच टेस्टमध्ये चिकटवलास तर चूकसुद्धा हिरवी, म्हणजे पास, दिसते.

सुरुवातीला सगळेच इथे घसरतात:

- क्लासमध्ये 'रक्कम' नावाची मेथड (क्लासमधलं फंक्शन) आहे का, एवढंच तपासणं. असेल हो, पण उत्तर बरोबर देते का?
- प्रायव्हेट (फक्त क्लासच्या आत वापरायच्या) मेथडला थेट हात घालणं. पब्लिक, म्हणजे बाहेरून वापरायची, मेथड बोलव, आतलं त्यात तपासलं जातं.
- एकच ऑब्जेक्ट (क्लासपासून बनवलेली एक पावती) सगळ्या टेस्टमध्ये फिरवणं. यात माझी अख्खी रात्र गेली आहे. एकेकटी चालवली की पास, सगळ्या मिळून चालवल्या की फेल! एका टेस्टनं वजन बदललं होतं, दुसरी तेच वापरत होती. दर टेस्टला नवा ऑब्जेक्ट बनव.

मग वजन शून्य आणि उणे देऊन बघ. पैसे पूर्णांकात आणताना जप: पायथन ३ मध्ये राउंड(२.५) म्हणजे २, तीन नव्हे. व्यापारी हे ऐकून घेणार नाही.

मॉक-बिक (खऱ्याच्या जागी वापरायचे नकली ऑब्जेक्ट) सध्या राहू दे. टेस्ट पास झाली की कोडमधला गुणाकार मुद्दाम बेरीज करून चालव. लाल (फेल) झाली नाही, तर ती टेस्ट पुन्हा लिही.